चोवीस भिंती आणि तीन बोटं

पहिली भिंत सकाळी सहा पस्तीसला जमिनीवरून सुटली आणि आत्यानं टाळी वाजवली.

टाळी वाजवणारी ती एकटीच. बाकी सगळे श्वास रोखून उभे होते. क्रेनच्या हुकाला दोन साखळ्या, साखळ्यांना लटकलेली दहा फूट उंचीची राखाडी भिंत, आणि त्या भिंतीत आधीच बसवलेली खिडकीची चौकट. तीन आठवड्यांपूर्वी घरच्या यार्डातल्या फर्म्यात, म्हणजे साच्यात, काँक्रीट ओतून ती तयार झाली होती, वाळली होती, तिच्या पाठीवर लाल रंगात एकचा आकडा पडला होता, आणि आता ती जोत्याच्या दिशेनं हवेतून येत होती. आत्यानं बत्तीस वर्षं बाळंतपणं केली होती. पण खिडकी अशी वरून येताना तिनं आजच पाहिली.

"टाळ्या शेवटी गं," काका म्हणाले. मिलीचे काका, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. यार्डातले सगळे लोखंडी फर्मे त्यांच्या हातचे. "दृष्ट लागायची."

"माझ्या टाळीनं पडणारी भिंत असेल तर मला नकोच ती," असं म्हणून आत्यानं आणखी एक वाजवली.

तिला आनंद होणारच. बत्तीस वर्षं तिचं प्रसूतिगृह पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत होतं, आणि त्या खोलीला एकोणीस पायऱ्या होत्या. कळा सुरू झालेल्या बायका मधे दोनदा बसत बसत त्या चढायच्या आणि वर पोचल्यावर पहिली शिवी नवऱ्याऐवजी जिन्याला द्यायच्या. आता तिला तळमजल्यावर दोन खोल्या मिळणार होत्या, आणि त्याही एका दिवसात. बाहेरच्या वीस भिंती, मधल्या आडभिंतीच्या चार, वर छताचे पाच स्लॅब. सगळं यार्डातून तयार होऊन आलेलं, आकडे घातलेलं, ट्रकवर उलट्या क्रमानं रचलेलं, म्हणजे जे आधी लागेल ते वर. इथं फक्त जोडायचं.

नारिंगी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून, नकाशाची गुंडाळी काखेत मारून मिली जोत्यावर उभी होती. पोरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, घरात ते कुणी वापरत नाही. अकरा वर्षांची असताना तिनं आप्पांना सांगितलं होतं की स्वयंपाकघरातली तुमची फळी डावीकडे चार मिलीमीटर उतरलीय. आप्पा, तिचे आजोबा, चौदाव्या वर्षापासून गवंडी. त्यांनी फळीवर पाण्याचं भांडं ठेवून पाहिलं, आणि त्या दिवसापासून ती मिलीमीटर झाली. पुढे इंजिनीअर झाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

"हळू! हळू! डावीकडे घ्या! अजून... बास!" शिट्टी वाजली. भिंत जोत्यावर मांडलेल्या लाकडी पाचरींवर टेकली आणि कुठेही खट्ट झालं नाही.

आप्पांना सावलीत खुर्ची दिली होती. वय एक्याऐंशी. दर दहा मिनिटांनी ते खुर्ची दोन फूट पुढे ओढत होते आणि दर वेळी कुणीतरी त्यांना दोन फूट मागे नेत होतं.

आणि दादा? आत्याचा थोरला भाऊ, मिलीचे बाबा, समोरच्या बाजूला हात मागे बांधून उभे होते. चेहऱ्यावर काही नाही. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. दीड महिन्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर हेच तोंड करून ते म्हणाले होते, "इमारत एका दिवसात उभी राहिली तर यार्ड मिलीचं. मी परत तोंड उघडणार नाही. नाही राहिली तर फर्मे भंगारात, जागा मोकळी, आणि आपण सगळे परत विटांवर." मिली म्हणाली होती, "चालेल." तिनं पाणीसुद्धा न पिता म्हटलं होतं.

यार्ड बंद झालं तर मिली विटांवर थांबणार नाही, हे घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलेलं होतं. उत्तराची मुदत आजच्या संध्याकाळची.

"दादा," आत्या त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "तोंड जरा बरं कर. पोरगी बघतेय."

"माझं तोंड असंच आहे," दादा म्हणाले. "जन्मल्यापासून. आईला विचारायचं होतंस."

*

पहिल्या चार भिंतींना सगळेच ओरडत होते. पाचवीपासून आरडाओरडा थांबला आणि कामाला लय आली. क्रेनवाला उचलायचा, दोन गडी दोरांनी भिंतीला गिरकी घेऊ द्यायचे नाहीत, मिली शिट्टी मारायची, भिंत टेकायची, मागून लोखंडी टेकू लागायचा, आणि मग तिच्या कडेच्या पट्टीतून शेजारणीच्या पट्टीत बोल्ट. नट पान्याशिवाय, नुसत्या हातानं फिरायचा. आवळायला तेवढा पाना.

काकांना त्या फिरणाऱ्या नटाचं व्यसनच लागलं. पंधरा मिनिटाला एक. आठवी, नववी, दहावी. यार्डात महिनाभर त्यांनी फर्म्यांना तेल चोळलं होतं, कोपऱ्यांना गुण्या लावला होता, बायकोच्या शब्दांत सांगायचं तर घरच्या पोरांकडे कधी एवढं पाहिलं नव्हतं. आणि आता त्यांची पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहत होती. दहा वाजता पुढची बाजू आणि दोन्ही कडा पुऱ्या झाल्या. मोकळ्या जमिनीवर नाश्त्याच्या वेळी घर नव्हतं, आता तीन बाजूंनी होतं. काकांना उगाचच हसू येत होतं.

रस्त्यावरून जाणारे थांबायला लागले. दूधवाला थांबला आणि दूध पोचवायचं विसरला. नवव्या महिन्यातली एक बाई रोज फेऱ्या मारायला निघायची, ती आज समोरच्या कट्ट्यावर बूड टेकून बसली ती बसलीच.

"सिस्टर, माझ्या आधी होणार का तुमची खोली?" तिनं ओरडून विचारलं.

"तू घाई करू नकोस, घाई आम्ही करतोय!" आत्या ओरडली, आणि सगळी गल्ली हसली.

"अकरावी झाल्यावर एकदा मोजून बघू का?" मिलीनं विचारलं होतं.

"वेळ कुठंय? ओळंब्यात आहेत, बस झालं," काका म्हणाले होते. क्रेनला पाच वाजता दुसऱ्या कामावर जायचं होतं. क्रेनवाल्यानं सकाळीच बजावलं होतं, "पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिटानं मी तुमचा कुणी नाही."

मागची बाजू. पंधरावी, सोळावी, सतरावी. अठरावीला मिली धावायला लागली. एकोणिसावी. आणि अकरा वीसला विसावी भिंत, शेवटची, जिनं येऊन चौकोन मिटवायचा, हुकावर चढली. आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले आणि या खेपेला त्यांना कुणी बसवलं नाही.

भिंत उतरली. टेकली. एकोणिसावीशी नट हातानं फिरला. काका दुसऱ्या कडेला, कोपऱ्याकडे वळले, आणि त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं.

कोपऱ्यात फट होती. काकांनी फटीत बोट घातलं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही आरामात आत गेली. बोल्ट पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचतच नव्हता, नुसता डोकं बाहेर काढून हवेत उभा.

"काय झालं?" क्रेनवाला वरून ओरडला. "परत उचलू का?"

"थांब!" चौघं एकदम ओरडली.

मिलीनं टेप लावला. खाली, मधे, वर. तिचा आवाज बारीक झाला. "चोपन्न."

"चोपन्न काय?" आत्यानं विचारलं.

"मिलीमीटर. इथं नखभरसुद्धा नको होतं."

"सिमेंटचा माल भरून टाकू की ताई," एक गडी म्हणाला. "फट कुणाला दिसतीय?"

"दिसायचा प्रश्न नाही हो. कोपरा बोल्टानं बांधला नाही तर वर छत ठेवता येत नाही. एकेक स्लॅब दीड टनाचा आहे. खाली माणसं निजणार आहेत."

मग व्हायचं ते झालं. दादा फटीपाशी आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "फर्मा चुकलाय."

"माझा फर्मा?" काकांचा आवाज चढला. "जोतं चुकलंय तुझं. एकोणीस भिंती नटाला नट बसल्या त्या काय फर्म्याशिवाय?"

"माझं जोतं? चाळीस वर्षांत माझं जोतं चुकलेलं दाखव."

"आजवर तुझ्या जोत्यावर तयार भिंत ठेवली कुणी होती? वीट काय, कशीही बसते. गिलाव्यात सगळी पापं झाकतात!"

"आता गिलाव्यावर येऊ नकोस!"

"नकाशा बरोबर आहे," मिली मधेच म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

काका मुद्दामच ओरडत होते. कारण भांडता भांडता त्यांना आठवत होतं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते आणखी मोठ्यानं बोलणार होते, तेवढ्यात आत्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हात कमरेवर. तिच्या खोलीत या आविर्भावासमोर भलेभले नवरे गप्प झाले होते.

"माझ्याकडे बाई आली की मी विचारते, शेवटचं कधी खाल्लंस," ती म्हणाली. "पहिल्यांदा खोटंच सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की खरं. तुम्हाला पहिल्यांदा विचारून झालंय असं धरते. धाकट्या, काय केलंस?"

"मी कुठं काय..."

"धाकट्या."

काकांनी एकदा आप्पांकडे पाहिलं. "बोटभर सोडलं," ते म्हणाले. "विसाव्या फर्म्याची एक बाजू बोटभर आत घेतली. म्हटलं, दादाच्या जोत्यात काही इकडंतिकडं झालं तर भिंत मोठी पडायला नको. मोठी पडली की बसतच नाही. लहान असली तर निभतं."

"माझ्या जोत्यात इकडंतिकडं?" दादा म्हणाले, पण त्या म्हणण्यात पूर्वीचा जोर नव्हता.

आत्यानं मान वळवली. "दादा?"

दादांनी घसा खाकरला. "जोतं मागच्या बाजूला बोटभर लांब आहे. मुद्दाम. ह्याचे फर्मे ओतताना फुगतात, मला माहीत आहे. शेवटची भिंत आत शिरायला जागा नको?"

"माझे फर्मे फुगतात?"

"गप रे. दोन बोटं झाली. तिसरं कुठाय?" आत्या म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या माना आपोआप मिलीकडे वळल्या.

मिलीनं टोपी काढली. तिचे कान लाल झाले होते. हीच पोरगी यार्डाच्या दारावर पाटी लावून बसली होती, "बोट, वीत, चिमूट हे शब्द इथं चालणार नाहीत." हीच काकांना रोज सांगायची की अंदाज हा शब्द विसरा.

"नकाशात," ती म्हणाली. "शेवटच्या सांध्याला मी अठरा मिलीमीटर जास्त धरलेत. वाटलं, बाबा आणि काका... कुणाचं तरी थोडं चुकेलच."

"अठरा म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"बोटभर," मिली म्हणाली.

मागून आप्पांचं हसणं ऐकू आलं. खुर्चीच्या पाठीला धरून ते हसत होते, डोळ्यांतून पाणी काढून हसत होते.

"माझ्याकडे काय बघताय?" ते म्हणाले. "मीच शिकवलंय. शेवटच्या कोपऱ्यात बोटभर सोड. पोरांनो, पण ते विटांचं आहे रे! विटांत शेवटचा कोपरा ज्याचा, तोच सोडतो आणि तोच भरतो. तुम्ही तिघं तीन गावांना बसून सोडत बसलात!"

"म्हणजे बघा," आत्या म्हणाली, "तिघांनी एकमेकांच्या चुका आधीच भरून ठेवल्या, आणि चूक मात्र कुणीच केली नाही!"

आता काकांनाही आवरेना. मिली हसली, क्रेनवाला काही न कळता हसला, कट्ट्यावरची बाई पोट धरून हसली आणि आत्यानं तिला दटावलं, "तू नको एवढं हसू!" हसू ओसरलं तसं सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पावणेबारा. आणि फट होती तिथंच होती.

*

दादा जिंकले होते.

हे त्यांच्या लक्षात सगळ्यांच्या नंतर आलं. आता काही करायचंसुद्धा नव्हतं. हात बांधून उभं राहायचं, पाच वाजू द्यायचे, क्रेन जाऊ द्यायची. उद्यापासून पुन्हा वाळू, विटा, थापी. पुन्हा ज्या कामाचा वास त्यांच्या अंगाला चाळीस वर्षं होता ते काम. यार्ड सुरू झाल्यापासून त्यांना रोज वाटत होतं की आपण म्हातारे झालो हे आपल्याला कुणी सांगत नाहीय, फक्त भिंती उचलून दाखवताहेत.

आणि मग मिली आजच्या संध्याकाळी त्या कंपनीला होकार कळवणार. मिलीची आई गेल्यापासून घरात दोघंच; आप्पा धाकट्याकडे. रात्री दोन ताटं. दादा रोज टेबलाशी बसून तिचं यार्डपुराण ऐकायचे, नाक मुरडायचे, आणि तिला यायला उशीर झाला की ताट झाकून ठेवून दाराशी फेऱ्या घालायचे. ही अट घातली तेव्हा त्यांनी फक्त अर्ध्या भागाचा विचार केला होता. दुसरा अर्धा भाग आता समोर उभा होता, टोपी हातात घेऊन, फटीकडे बघत, ओठ दाताखाली धरून. लहानपणी गणित सुटलं नाही की ती असाच ओठ धरायची.

दादांना तो उघडा कोपरा सहन होईना. पोरीचं राहू दे, गवंडी म्हणूनही सहन होईना. चाळीस वर्षांत त्यांनी कोपरा उघडा सोडून जेवायलासुद्धा हात धुतले नव्हते.

"तुझ्या बोल्टाचं भोक गोल आहे का लांबट?" त्यांनी विचारलं.

मिलीनं वर पाहिलं. "काय?"

"भोक गं. पट्टीतलं."

"लांबट. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलीमीटर."

"म्हणजे बोल्ट दहा सरकतो."

"हो, पण एका सांध्यात दहानं काय होणार, बाबा? इथं चोपन्न आहेत."

"एका सांध्यात कोण म्हणतंय?" दादा जोत्यावर चढले. सकाळपासून पहिल्यांदाच चढले. "विटांची ओळ शेवटी जुळेना तर आम्ही शेवटच्या विटेत सगळं कोंबत नाही. मागं जातो. दर सांध्यात चिमूटभर वाढवत येतो. ओळ मिटते, आणि बघणाऱ्याला कळतही नाही. ह्या बाजूला सांधे किती?"

"सात. दोन कोपरे धरून."

"साताला चोपन्न वाट."

मिलीचे ओठ हलले. "सात साती एकोणपन्नास, उरले पाच... आठाच्या आत! बाबा, आठाच्या आत येतंय!" ती एकदम ओरडली. "खालचा माल भरलेला नाही अजून, सगळ्या पाचरींवरच आहेत. सरकतील! काका, पाना! सगळे बोल्ट ढिले करा, काढू नका, नुसते ढिले! क्रेन, साखळी ताणून धरा, उचलू नका, फक्त भार हलका करा!"

"मला साध्या भाषेत सांगा," क्रेनवाला ओरडला.

"पोरीला पाळण्यातून काढताना धरतात तसं!" आत्या ओरडली.

"आता कळलं!"

मग जे चाललं ते काम होतं का दंगा, सांगणं कठीण. काका पाना घेऊन एका सांध्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. गडी पहारी घेऊन भिंतींच्या बुडाशी बसले. आत्या पाचरी सैल करत होती आणि प्रत्येक पाचरीला काहीतरी बोलत होती. आप्पा खुर्ची सोडून कोपऱ्यात ओळंबा धरून उभे राहिले, आणि दोरा अजिबात हलत नव्हता. मिली टेप घेऊन दादांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती.

"पहिली, आठ," ती म्हणायची.

"पहार," दादा म्हणायचे. "जोर नको. नुसती टेकव, आता दाब... हं... केसभर आणखी... बास! धाकट्या, आवळ!"

"आठ झाले?"

"मोज."

"पावणेआठ," मिली म्हणाली, आणि वळून बापाकडे पाहत राहिली. दादांनी टेपाला हातसुद्धा लावला नव्हता.

दुसरी. तिसरी. उन्हं डोक्यावर आली, डबे कुणी उघडले नाहीत. चौथी भिंत अडली. पाचर खाली फसली होती. दादांनी पालथं पडून हात आत घालून ती काढली, कोपर सोलवटलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. त्यांना फार मजा येत होती, हे त्यांना स्वतःला पाचव्या भिंतीशी कळलं. एवढी मजा किती वर्षांत आली नव्हती याचा हिशेब करायलाही वेळ नव्हता. सहावी. दोन वाजायला पाच मिनिटं असताना तीच, म्हणजे विसावी भिंत, कोपऱ्याकडे सरकली, फट मिटत मिटत नखाएवढी उरली, आणि काकांनी बोल्ट घातला.

नट घेतला. बोटांवर फिरवला. फिरत गेला, फिरत गेला आणि पट्टीला टेकला.

"बसला!" काका किंचाळले. "आईशप्पथ, बसला!" आणि ज्याच्याशी दोन तासांपूर्वी हातघाईवर यायचं बाकी होतं त्या थोरल्या भावाला त्यांनी पाठीमागून मिठी मारली.

"पाना लाव आधी," दादा म्हणाले. "सोड मला. पाना लाव."

आडभिंतीच्या चार भिंती तासाभरात लागल्या. तीन वाजता पहिला स्लॅब चढला. गल्ली आता गच्च भरली होती, शाळेतून सुटलेले, दुकानं अर्धी ओढून आलेले. दुसरा स्लॅब, तिसरा. प्रत्येक स्लॅब टेकला की लोक मोजायचे, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. चौथ्याला साखळी जरा गुंतली आणि सहा मिनिटं गेली; त्या सहा मिनिटांत काका दोनदा देवाला आणि तीनदा क्रेनवाल्याला काहीतरी बोलले. चार बेचाळीसला पाचवा स्लॅब हुकावरून सुटला आणि सगळी गल्ली ओरडली, "पाच!"

क्रेनवाल्यानं खाली उतरून हात पुसले. "अठरा मिनिटं उरली," तो म्हणाला. "आणखी काही बांधायचंय का?"

*

आत्या कट्ट्यावरच्या बाईला हाताला धरून आत घेऊन आली होती आणि पलंग कुठे येणार, पाण्याचा नळ कुठे येणार ते दाखवत होती. दोघी हातांनी हवेत पलंग ठेवत होत्या. आप्पा भिंतींवर हात फिरवत सगळा चौकोन हिंडत होते, काका त्यांच्यामागून प्रत्येक फर्म्याचा इतिहास सांगत होते.

दादा दुसऱ्या खोलीत गेले. मिली तिथं एकटीच उभी होती, वर बघत. आज दिवसभरात पहिल्यांदाच तिथं सावली पडली होती. नव्या सिमेंटचा वास होता.

"यार्ड तुझं," दादा म्हणाले. "बोललो होतो ते बोललो."

"तुम्ही मदत केली नसती तर झालं नसतं. म्हणजे पैज तुम्हीच हरवली."

"हरली, हरवली, तेच ते." दादा थांबले. मग त्यांनी ते एकदम बोलून टाकलं, तिच्याकडे न बघता. "त्या कंपनीला आज कळवायचंय ना? जाऊ नकोस, मिली. यार्ड मिळालं म्हणून नाही सांगत. आज हे उभं राहिलं नसतं तरी मला हेच म्हणायचं होतं. फक्त तेव्हा मला धीर झाला नसता. तू गेल्यावर मी त्या घरात काय करायचं, हे मला कळत नाही."

मिली टोपी हातात फिरवत राहिली. दादांना वाटलं, उशीर झाला. पोरीनं होकार कळवला.

"मी सकाळीच कळवलं, बाबा," ती म्हणाली. "पहिली भिंत उचलायच्या आधी."

"काय कळवलंस?"

"येत नाही म्हणून."

दादांना ते समजायला वेळ लागला. "आधी?" ते म्हणाले. "आधी कशाला? आणि आज जमलं नसतं तर? यार्डही गेलं असतं आणि नोकरीही! तेव्हा काय केलं असतंस?"

"विटा उचलल्या असत्या," मिली म्हणाली. "तुमच्या हाताखाली."

दादांनी तोंड भिंतीकडे वळवलं. सांध्यावर बोट फिरवून बघितल्यासारखं केलं, पण त्यांना सांधा दिसत नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लपवायला जागा नव्हती. खोली रिकामी होती. त्यांनी सोलवटलेल्या कोपराच्या बाहीनं तोंड पुसलं.

"सोमवारी यार्डात किती वाजता यायचं मी?" त्यांनी विचारलं.

"साडेसहाला," मिली म्हणाली, आणि मग तिलाही रडू फुटलं.